वर्ज्य विषयाचा सूर

(भिलाई येथील स्मृतिव्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मुद्रित मजकूर)



मराठी व्याख्यानमालेत जपानी चित्रकथांचा विषय कशाला, असा प्रश्न आपल्यापैकी काहींच्या मनात आला असेल. मी हा विषय निवडला त्याचे कारण आपल्याच घरात आहे. भिलाईच्या सेक्टरांतल्या घरांमधून आज पंधरा-सोळा वर्षांची मुले मराठी जवळजवळ वाचत नाहीत, हिंदी परीक्षेपुरती वाचतात, पण मांगाची, म्हणजे या जपानी चित्रकथांची, पाने मात्र शेकड्यांनी वाचतात. फोनवर, उजवीकडून डावीकडे, अभ्यासाच्या वहीआड. एखाद्या दिवशी आईची किंवा वडिलांची नजर त्या पडद्यावर जाते. तिथे सख्ख्या भावंडांमधला शरीरसंबंध असतो, लहान मुलावर झालेला अत्याचार असतो, आत्महत्या असते. घरात मोठा आवाज होतो, फोन काढून घेतला जातो, आणि सगळे एकच बोलतात, की असले विषय मुळी हवेतच कशाला.

मला आज याच बोलण्याशी वाद घालायचा आहे, आणि तो आपल्या मराठी साहित्याच्या व छत्तीसगडच्या मातीच्या आधाराने घालायचा आहे. माझे म्हणणे असे आहे की वाचक किंवा प्रेक्षक विषयामुळे जेवढा अस्वस्थ होतो, त्याहून किती तरी अधिक तो विषय कोणत्या सुरात सांगितला गेला यामुळे होतो. सूर बदलला की तोच विषय करमणूक होतो, औषध होते किंवा जखम होते. मुलांनी काय वाचावे याचा निवाडा करायचा असेल, तर विषयांची यादी हाती घेऊन तो करता येणार नाही. सूर ऐकावा लागेल.

ओसामू तेझुका हे आधुनिक मांगाचे जनक मानले जातात. 1972 साली त्यांच्या दोन मालिका सुरू झाल्या. जानेवारीत 'आयाको' आणि सप्टेंबरात 'बुद्ध'. 'आयाको' ही दुसऱ्या महायुद्धानंतरच्या एका जमीनदार घराण्याची कथा आहे. अमेरिकी ताब्याच्या काळात जमीनसुधारणेमुळे घराण्याची जमीन जाते आहे. घरचा म्हातारा कर्ता वारशाचे आमिष दाखवून थोरल्या मुलाची बायको आपल्या शय्येवर आणवतो. तिच्या पोटी आयाको होते. ही चिमुरडी नको ते पाहते, आणि घराण्याची अब्रू जाऊ नये म्हणून घरातली माणसे एकत्र बसून ठरवतात की ती मेली असे जाहीर करायचे आणि तिला तळघरात कोंडायचे. तिथे ती वीसहून अधिक वर्षे राहते, वयात येते, आणि पुढे घरातल्याच भावाशी तिचा संबंध येतो.

नुसती गोष्ट सांगितली तरी अंगावर काटा येतो. पण वाचताना त्याहून वाईट वाटते ते त्या घरगुती बैठकीचे. आरडाओरडा नाही, कुणी राक्षसासारखे हसत नाही. लग्नाच्या याद्या कराव्यात तशा शांतपणाने एका पोरीचे आयुष्य गाडले जाते. तेझुका वाचकाला वेगळी जागा देत नाहीत. त्याच बैठकीत, त्याच चटईवर बसवतात.

'बुद्ध' याच हाताने काढलेली मालिका. 1983 पर्यंत चाललेली, कपिलवस्तूपासून परिनिर्वाणापर्यंतची. तिच्यात उघडी शरीरे आहेत, कत्तली आहेत, गुलामांचे हाल आहेत, भुकेने मेलेली मुले आहेत. तरी ती वाचताना वाचक अवघडत नाही. तेझुका मध्येच थट्टा करतात, प्राचीन मगधात विसाव्या शतकातली एखादी वस्तू आणून ठेवतात, प्राण्यांना माणसासारखे रडवतात. या मालिकेचा सूर पुराणिकाचा आहे. ऐकणाऱ्याला ठाऊक असते की पुराणिक आपल्याला अंधारात नेईल, पण परतही आणील. 'आयाको'त ही हमी नाही. एकाच वर्षी, एकाच माणसाच्या मेजावर हे दोन सूर शेजारी शेजारी होते.

आता त्याच 1972 सालचे आपले घर पाहू. त्या वर्षी मराठीत 'सखाराम बाइंडर' आले, 'घाशीराम कोतवाल' आले आणि नामदेव ढसाळांचा 'गोलपिठा'ही आला. मराठी सभ्यतेला एकाच वर्षात इतके धक्के क्वचितच बसले असतील. याची पूर्वतयारी दोन वर्षे आधी 'गिधाडे'ने करून ठेवली होती. त्या नाटकापाशी मी थोडा जास्त वेळ थांबणार आहे, कारण माझा मुद्दा त्यात सगळ्यांत स्वच्छ दिसतो.

विजय तेंडुलकरांचे 'गिधाडे' डॉ. श्रीराम लागूंनी 1970 साली रंगमंचावर आणले. पैशासाठी बापाला फाडणारी मुले, दारू, शिव्या, आणि माणिक ही गरोदर बहीण. भाऊच तिला लाथा घालून तिचा गर्भ पाडतात. रंगमंचावर तिच्या पातळावर मागे रक्ताचा डाग दिसतो. परिनिरीक्षण मंडळाने या लाल डागावर हरकत घेतली. तेव्हा नाटकमंडळींनी डाग निळा केला, आणि प्रेक्षकांना आधीच सांगितले की मंडळाच्या आज्ञेवरून हा डाग निळा केला आहे, आपण तो लाल समजावा. मराठी रंगभूमीच्या इतिहासातली ही घटना आपल्याला माहीत असेल. सहसा ती परीक्षकांच्या अडाणीपणाचा किस्सा म्हणून सांगितली जाते. मला तिच्यात वेगळे दिसते. गर्भपात हा विषय संहितेत होताच, संवादांत होता, त्याला त्या डागापुरती हरकत नव्हती. हरकत होती डागाच्या स्वराला. संवाद सांगतो आणि प्रेक्षक ऐकून घेतो. डाग मात्र काहीच न सांगता समोर उभा राहतो, आणि त्याच्याकडे पाहावे की नजर वळवावी हे प्रत्येकाला आपापले ठरवावे लागते.

याच नाटकात आणखी एक वर्ज्य विषय आहे. घराच्या मागे राहणारा रजनीनाथ हा त्याच बापाचा, पण लग्नाबाहेरचा मुलगा. रमा ही त्याच्या सावत्र भावाची बायको. या दोघांचा संबंध जुळतो, तिला त्याच्यापासून दिवस जातात. दीर आणि वहिनी! आपल्या समाजात वहिनीला आईच्या जागी मानतात. मग या संबंधाने 1970 सालचा मराठी प्रेक्षक पेटून उठायला हवा होता. पण गदारोळ झाला तो मुख्यतः शिव्यांचा, मारहाणीचा आणि त्या डागाचा. रमा-रजनीनाथाकडे प्रेक्षकांनी कणवेने पाहिले. याचे कारण तेंडुलकरांनी रजनीनाथाच्या तोंडी ठेवलेल्या कविता. त्या घरातला एकमेव कोवळा आवाज त्याचा आहे आणि रमेची कहाणी आपल्यापर्यंत त्या आवाजातून येते. नीतीच्या पुस्तकात या संबंधाचा गुन्हा लहान नाही. पण सुराने तो आपल्यासाठी क्षम्य केला. एकाच नाटकात, एकाच रात्रीत, दोन वर्ज्य गोष्टींना दोन सूर लावून तेंडुलकरांनी प्रेक्षकाच्या मनाचे दोन तुकडे केले.

'सखाराम बाइंडर'चे तसेच. कमलाकर सारंगांनी ते बसवले. निळू फुले सखाराम, लालन सारंग चंपा. प्रयोग सुरू झाल्यावर परिनिरीक्षण मंडळाने 32 ठिकाणी कात्री मागितली, प्रयोग थांबले, आणि सारंगांनी उच्च न्यायालयात जाऊन ते पुन्हा उभे केले. त्यांचे 'बाइंडरचे दिवस' हे पुस्तक तरुणांनी जरूर वाचावे. नवऱ्यांनी टाकलेल्या बायका घरी आणून ठेवणारा हा माणूस. अशा बायका आणि असे पुरुष मराठी कादंबऱ्यांत त्याआधी नव्हते असे नाही. पण तिथे ते पश्चात्ताप करत, क्षयाने खंगत, निदान शेवटच्या प्रकरणात हात जोडत. सखाराम पहिल्याच प्रवेशात नव्या बाईला आपल्या घराचे नियम सांगतो. एखाद्या खाणावळीच्या मालकाने जेवणाच्या वेळा सांगाव्यात तसे. त्याच्या आवाजात लाज नाही, आणि ती लाज त्याने दाखवली असती तर आपण निवांत खुर्चीत टेकून बसलो असतो. उलट लक्ष्मी, देवभोळी, मुंगळ्याशी बोलणारी, जिच्यावर आपण माया केली, तीच शेवटी चंपाच्या खुनावर माती ओढायला पुढे होते. अस्वस्थ करते ते हे. सद्गुणाचा सूर ज्या तोंडून ऐकला, त्याच तोंडून हे यावे!

'घाशीराम'ने तर वेगळीच रीत वापरली. जब्बार पटेलांचे दिग्दर्शन, भास्कर चंदावरकरांचे संगीत, बारा ब्राह्मणांची डुलणारी भिंत, कीर्तन, लावणी, ठेका. म्हातारा नाना फडणवीस एका बापाकडून त्याची अल्पवयीन मुलगी घेतो आणि बदल्यात त्याला शहराची कोतवाली देतो, ही गोष्ट तुम्ही टाळ्यांच्या तालावर पाहता. पाय हलतात, डोके डोलते, आणि मग ध्यानात येते की आपण कशावर डोललो. प्रोग्रेसिव्ह ड्रॅमॅटिक असोसिएशनने काही प्रयोगांनंतर हे नाटक बंद केले, कलावंतांनी थिएटर अकॅडमी स्थापून ते पुन्हा उभे केले, 1980 साली युरोपच्या दौऱ्यापूर्वी पुन्हा वाद झाला. सगळा वाद इतिहासातल्या नानाच्या बदनामीचा म्हणून गाजला. मला वाटते त्यामागे एक न बोललेली तक्रार होती. या नाटकाने प्रेक्षकाला आनंद देऊन मग त्या आनंदाचा हिशेब मागितला होता.

याच वर्षांमध्ये महाराष्ट्रभर दादा कोंडके गाजत होते. 1971 चा 'सोंगाड्या', 1973 चा 'आंधळा मारतो डोळा', 1975 चा 'पांडू हवालदार'. रौप्यमहोत्सवी चित्रपटांची ओळ लागली होती. शरीराचा, संभोगाचा, परस्त्रीचा उल्लेख नाही असे दृश्य त्यांच्या चित्रपटांत शोधावे लागेल. मी दादांना कमी लेखत नाही. सेवा दलाच्या आणि लोकनाट्याच्या तालमीत तयार झालेला तो मोठा कलावंत होता. गिरणीकामगाराला, शेतमजुराला त्याने स्वतःची भाषा पडद्यावर ऐकवली. पण तिथे सहकुटुंब हसणारा समाज 'बाइंडर'ला अश्लील म्हणत होता, याचा उलगडा विषयाने होत नाही. द्वयर्थी विनोदात लेखक आणि प्रेक्षक यांच्यात एक करार असतो. नाव घ्यायचे नाही, फक्त डोळा मिचकवायचा. दोघांनाही ठाऊक असते, आणि दोघेही निर्दोष राहतात. तमाशाच्या बतावणीत हा करार शेकडो वर्षांचा आहे, पेशवाईतल्या रामजोशी-होनाजींच्या शृंगारिक लावण्यांनाही असाच मान मिळाला. तेंडुलकरांनी हा करार मोडला.

तो मोडणारे ते पहिले नव्हते. रघुनाथ धोंडो कर्वे यांनी जुलै 1927 मध्ये 'समाजस्वास्थ्य' मासिक सुरू केले आणि 1953 साली मृत्यूपर्यंत ते चालवले. संततिनियमन, गुप्तरोग, हस्तमैथुन, समलिंगी आकर्षण या विषयांवर ते लिहीत. गणिताच्या प्राध्यापकाचे गद्य, कोरडे, नेमके, विशेषणे गाळलेले. वाचक पत्राने प्रश्न विचारत आणि कर्वे डॉक्टरने नाडी पाहावी तसे उत्तर देत. त्यांच्यावर खटले झाले. 1934 च्या खटल्यात डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्यांच्या बाजूने उभे राहिले. ज्या शहरात लावणीची थिएटरे भरून वाहत होती, त्याच शहरात हा कोरडा माणूस दंड भरत होता. मुंबईला शरीराच्या उल्लेखाचे वावडे नव्हते. गंभीर चेहऱ्याने, न लाजता, न हसता केलेला उल्लेख तिला सोसवत नव्हता. त्याच काळात, 1933 साली, 'कळ्यांचे निःश्वास' आले. विभावरी शिरूरकर या टोपणनावाने लिहिणाऱ्या बाळूताई खरे यांनी त्यात शिकलेल्या, अविवाहित मुलींच्या मनातली इच्छा त्यांच्याच तोंडून मांडली. तिथे एकही अश्लील वाक्य नव्हते. तरी केवढा क्षोभ झाला! बाई तक्रारीच्या सुरात बोलली असती तर समाजाने दया दाखवली असती. ती मैत्रिणीशी बोलावे तसे स्वतःबद्दल बोलली, हे खटकले.

मित्रहो, आता आपल्या या गावाकडे येतो. भिलाईपासून जवळच्या गनियारी गावच्या पंडवानी गायिका तीजनबाई आपल्याच पोलाद कारखान्याच्या नोकरीत होत्या. पंडवानी म्हणजे महाभारताची गायलेली कथा, आणि तिच्या दोन शैली आपल्यापैकी जुन्या लोकांना सांगायला नकोत. वेदमती शैलीत गायक बसून कथा सांगतो, झाडूराम देवांगन तिचे थोर गायक. कापालिक शैलीत गायक उभा राहतो, अंगात आणतो, तंबुऱ्याची गदा होते. बायकांनी बसूनच गायचे असा रिवाज होता. तीजनबाई उभ्या राहिल्या. त्यांच्या समाजाने त्यांना बाहेर काढले. दुःशासनवधाचा प्रसंग महाभारतात आहेच. तोच भीम, तेच रक्त, तीच द्रौपदीची विटंबना. बसून सांगितली तर ती पुण्यकथा होते, आणि एका बाईने उभे राहून, डोळे वटारून, तंबुरा रोखून सांगितली तर समाजाला पाहवत नाही. पुढे त्याच बाईला पद्मश्री, पद्मभूषण आणि 2019 साली पद्मविभूषण मिळाले. कथेतले अक्षरही बदललेले नव्हते.

'चरणदास चोर'ची गोष्ट तर या गावाच्या हक्काची आहे. विजयदान देथांनी सांगितलेली राजस्थानी लोककथा हबीब तन्वीरांनी उचलली. 1974 च्या सुमारास इथे भिलाईत नाचा या छत्तीसगडी लोकनाट्याच्या कलावंतांबरोबर शिबिर घेताना त्यांनी तिचा पहिला आराखडा उभा केला आणि उघड्या मैदानात सतनामी समाजाच्या प्रेक्षकांपुढे करून पाहिला. गुरूपुढे थट्टेत घेतलेली वचने एक चोर खरोखर पाळतो, कधी खोटे बोलत नाही, आणि सत्यापायी राणीच्या आज्ञेवरून मारला जातो. सतनाम पंथात सत्य हाच ईश्वर. तेव्हा चोराच्या तोंडून सत्याचा महिमा सांगणे हा एका परीने धाडसी प्रकारच होता. पण तो सूर नाचाचा होता, विदूषकी जोक्कडाचा आणि स्त्रीवेषातल्या परीचा होता, त्यात पंथी नृत्य होते, सतनामाचा जयघोष होता. प्रेक्षकांनी तो आपला मानला. 1975 पासून नाटक देशभर फिरले, 1982 साली एडिंबरोला गाजले.

आणि 2009 च्या जूनमध्ये तन्वीर गेले, त्यानंतर दोन महिन्यांत, सतनामी धर्मगुरूंच्या हरकतीवरून, छत्तीसगड शासनाने या नाटकाच्या पुस्तकावर बंदी घातली. ज्या प्रेक्षकांनी भिलाईच्या मैदानात ते डोक्यावर घेतले त्यांच्याच समाजातून, पस्तीस वर्षांनी, ही हरकत आली. हरकत घेणाऱ्यांच्या भावनेची मी थट्टा करणार नाही. शतकानुशतके ज्यांना गावाबाहेर ठेवले गेले, त्यांचे कान अपमानाबाबत तीक्ष्ण असणारच. पण मैदानात जे वाक्य मांदर आणि हास्याच्या साथीने आले, ते छापील पानावर एकटे पडले. कागदाला ढोलकी नसते. पानावरचे वाक्य ज्याच्या मनात जो सूर आधीपासून असतो त्याच सुरात वाजते.

'पोंगा पंडित' ऊर्फ 'जमादारिन'चेही असेच झाले. ग्रामीण छत्तीसगडात नाचाच्या फडांत ते अनेक दशके खेळले गेले. पंडिताची फजिती पाहून पंडितांच्या गावचे लोकही हसले. 1992 नंतर त्याच प्रयोगावर हल्ले झाले. नाटकाचा सूर बदलला नव्हता, ऐकणाऱ्याचा कान बदलला होता. माझ्या प्रतिपादनातली ही अडचण मी लपवू इच्छित नाही. सूर लेखकाच्या हाती असतो, कान त्याच्या हाती नसतो. काळ, जात, भीती आणि निवडणुका त्या कानात बसलेल्या असतात.

चित्रकथेत ही अडचण फार वाढते. मांगात सूर कशाने ठरतो? रेषेच्या जाडीने, चेहऱ्यावरच्या डोळ्यांच्या आकाराने, चौकट किती मोठी आहे आणि त्यानंतर किती रिकामी जागा सोडली आहे याने. बोलणे आणि गप्प राहणे यांतले अंतर तिथे चित्रकार मोजून ठेवतो. इनियो आसानोंची 'ओयासुमी पुनपुन' ही मालिका 2007 ते 2013 चालली. तिचा नायक पुनपुन आणि त्याचे घरचे लोक लहान मुलाने खरडलेल्या पाखरासारखे काढले आहेत, आणि भोवतीची घरे, रस्ते, खांब मात्र छायाचित्रासारखे खरे. या पाखराच्या घरात बाप आईला मारतो. या पाखराच्या आयुष्यात पुढे लैंगिक अत्याचार येतो, हिंसा येते. चित्र गोंडस आहे म्हणून आपण सावध नसतो, आणि घाव थेट आत जातो. मघाशी 'घाशीराम'बद्दल बोललो, तीच रीत इथे रेषेने साधली आहे. सगळ्या पात्रांचे चेहरे खरे काढले असते, तर वाचकाने हळहळ व्यक्त करून पुस्तक मिटले असते.

अशा मालिकेतले एकच चित्र कापून कुणी फोनवर फिरवले, तर ते काय होईल? शंभर पानांनी तयार केलेला सूर त्या एका चौकटीत नसतो. उरते फक्त उघडे शरीर किंवा फक्त रक्त. आईवडिलांच्या नजरेला पडते ते बहुधा असे एकटे चित्र. 'चरणदास चोर'चे वाक्य पुस्तकात जसे एकटे पडले तसे.

शिन-चॅनचा प्रसंग आपल्या सगळ्यांच्या आठवणीतला आहे. योशितो उसुईंनी 1990 साली ही मालिका प्रौढांच्या साप्ताहिकात सुरू केली. पाच वर्षांचे पोर मोठ्यांच्या दांभिकपणावर बोट ठेवते, चड्डी काढून नाचते, आईला हैराण करते, आणि मोठा वाचक स्वतःला ओळखून हसतो. भारतात 2006 साली ती हिंदीत, लहान मुलांच्या वाहिनीवर आली. पालकांच्या तक्रारींवरून 2008 साली माहिती व प्रसारण मंत्रालयाने ती थांबवली, पुढे कात्री लागून ती परतली. तक्रार करणारे पालक मूर्ख नव्हते. प्रौढांना ऐकवलेला विनोद मुलांच्या कानात नकलेचा आदेश होतो. इथे चूक मालिकेच्या विषयाची नव्हती, ती नेऊन ठेवलेल्या जागेची होती.

आता एक गोष्ट मला ठामपणे बोलायची आहे, कारण नाहीतर माझ्या बोलण्याचा अर्थ असा होईल की सूर साधला की सगळे चालते. तसे अजिबात नाही. मांगात असेही ढिगाने आहे की जिथे बालकाचे शरीर चविष्ट करून मांडले जाते, बहीण-भावाचा संबंध गुदगुल्या म्हणून दिला जातो, जबरदस्तीनंतर मुलगी लाजून हसते. जपानने 2014 साली बाललैंगिक चित्रणाच्या साठवणुकीवर बंदी घालणारा कायदा केला, पण हाताने काढलेल्या चित्रांना त्यातून वगळले. मला ती पळवाट मान्य नाही. अशा चित्रांत वाचक अस्वस्थ होत नाही. तो सुखावतो, आणि हाच त्यांचा दोष आहे. 'आयाको' वाचून कुणाला कुठल्या आयाकोला कोंडावेसे वाटणार नाही. तळघर किती थंड असते ते तिथे कळते. गुदगुल्यांच्या मालिकेत तळघराला गुलाबी पडदे लावलेले असतात. दोन्हींचा विषय एकच आहे, म्हणून विषयावर बंदी घालणारा माणूस 'आयाको' काढून घेतो आणि गुलाबी पडदे तसेच राहू देतो, कारण ते हसरे दिसतात. आपल्या समाजाने कर्व्यांना दंड करताना आणि द्वयर्थी गाण्यांवर मुलांना नाचवताना नेमके हेच केले आहे. लग्नाच्या हॉलमध्ये सहा वर्षांच्या मुलीकडून असल्या गाण्यावर नाच करून घेणारे आणि टाळ्या वाजवणारे आईबाप मी आपल्या भिलाईतही पाहिले आहेत. तिथे कुणालाच अस्वस्थ वाटत नाही. वाटायला हवे.

न्यायालयांनी याबाबत आपल्यापेक्षा कधी कधी अधिक समजूत दाखवली आहे. चंद्रकांत काकोडकरांची 'श्यामा' ही कथा 1962 च्या 'रंभा' दिवाळी अंकात आली, अश्लीलतेचा खटला झाला, तो सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. 1969 साली न्यायालयाने सगळी कथा वाचून, सुटी वाक्ये न निवडता, लेखकाला मुक्त केले. ती फार थोर कथा होती असे न्यायालयानेही म्हटले नाही. पण वाचण्याची जी पद्धत त्या निकालात आहे ती घराघरांत यायला हवी.

इथे राजनांदगावात आयुष्याची अखेरची वर्षे काढलेल्या गजानन माधव मुक्तिबोधांची मला आठवण होते. मराठी घरात जन्मून त्यांनी हिंदी कविता बदलून टाकली. त्यांच्या इतिहासाच्या पाठ्यपुस्तकावर 1962 साली मध्य प्रदेश शासनाने बंदी घातली, आणि दोन वर्षांत ते गेले. पाठ्यपुस्तकाचा सूर आज्ञाधारक असावा अशी अपेक्षा होती. मुक्तिबोधांना तो लावता आला नाही. या भागातल्या मराठी माणसांचे हे घराणे आहे, आणि त्याचा अभिमान फक्त तसबिरीला हार घालून होत नाही.

म्हणून माझी आपल्याला, विशेषतः आईवडिलांना आणि शिक्षकांना, एक विनंती आहे. मुलाच्या फोनवर एखादे भयंकर चित्र दिसले तर फोन ओढून घेऊ नका. त्या मालिकेचा पहिला भाग मागा आणि त्याच्या शेजारी बसून वाचा. कंटाळा येईल, उजवीकडून डावीकडे वाचताना डोळे दुखतील, तरी वाचा. मग त्याला विचारा, की हे वाचताना तुला कुणाच्या बाजूने उभे राहावेसे वाटले. मुलाचे उत्तर मार खाणाऱ्याच्या बाजूचे असेल, तर ते पुस्तक घरात राहू द्या, वयाचा विचार करून. उत्तर मारणाऱ्याच्या बाजूचे असेल, किंवा त्याला नुसती मजा वाटली असेल, तर ते पुस्तक दूर करा आणि का दूर केले ते त्याला स्पष्ट शब्दांत सांगा, लाजून नको. आणि या गावातल्या ग्रंथालयांनी मांगाचा एक कप्पा करावा, त्याच कप्प्यात तेंडुलकर, कर्वे आणि हबीब तन्वीर ठेवावेत. 'गिधाडे' सोळाव्या वर्षी नको, पण विसाव्या वर्षी हवे. ते मराठीत वाचता येईल एवढी मराठी तोवर त्या मुलाला आपणच शिकवायची आहे.